वनस्पती तूप: भेसळीच्या वादापासून 2 टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत

ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल अर्धवट घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक मेदावर, आपल्याकडे बंधने आली ती अलीकडे. पण वनस्पती तुपाच्या ज्या डब्यातून ते घरोघरी पोचले, त्या डब्यावर भांडण फार जुने आहे. फक्त मुद्दा वेगळा होता.

निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याची पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधली. अमेरिकेत 1911 मध्ये सरकीच्या तेलाचे ‘क्रिस्को’ आले. मुंबईत शिवडीला 1932 च्या सुमारास अशाच घट्ट केलेल्या तेलाचा, म्हणजे वनस्पती तुपाचा, कारखाना सुरू झाला आणि 1937 मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत करंजीचा साटा त्यात फेसला जाऊ लागला. बेकरीतली खारी-नानकटाईही त्यावरच.

गांधीजींचा वनस्पतीला विरोध होता. पण एकूण वाद फिरत राहिला तो तुपातली भेसळ आणि जीवनसत्त्वे यांभोवती. उपाय मोठा चतुर निघाला: वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घातले की तिळामुळे लालसर रंग येई, चोरी उघडी पडे. तुपाची अब्रू राखली गेली. वनस्पती खाणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांचे काय, हा प्रश्न त्या रंगात दिसणारा नव्हता.

तेल अर्धवटच घट्ट केले, की त्यातल्या वाकड्या मेदाम्लांपैकी काही सरळ होतात; हीच ट्रान्स मेदाम्ले. ती एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून पदार्थ खुसखुशीत होतो. अमेरिकेत फ्रेड कमरो यांना 1957 मध्येच मृतांच्या ऊतींत ही मेदाम्ले सापडली होती. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. 1990 मध्ये डच संशोधक मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवले, की ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि वर चांगले कमीही करते. पुढे 2004-05 च्या सुमारास अमेरिकी परिचारिकांच्या अभ्यासात जास्त ट्रान्स फॅट खाणाऱ्यांच्या रक्तात सीआरपीसारखे दाहाचे निदर्शक वाढलेले आढळले. म्हणजे हृदयविकाराशी असलेला संबंध केवळ कोलेस्टेरॉलपुरता नसावा.

डेन्मार्कने 2003 मध्ये ट्रान्स फॅटवर एकूण मेदाच्या 2 टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात ती 10 वरून 5, 3 अशी उतरत 2022 मध्ये 2 टक्क्यांवर आली, तीही तेल-तुपाबरोबर त्यात बनलेल्या पदार्थांना लागू. आता घट्टपणासाठी बराचसा भार पाम तेलावर आहे: ट्रान्स फॅट नगण्य, संपृक्त मेद मात्र भरपूर.