कोळशाच्या राज्यात सौर पॅनेल: वेस्ट व्हर्जिनियातल्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

2021 पर्यंत अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात एखाद्या खासगी कंपनीने शाळेच्या छतावर स्वतःच्या खर्चाने सौर पॅनेल बसवून शाळेला युनिटच्या दराने वीज विकायची म्हटली, तर ती कायद्याच्या नजरेत 'सार्वजनिक वीज कंपनी' ठरण्याचा धोका होता. तसे ठरले की राज्याच्या वीज नियामक आयोगाची परवानगी, दरांच्या सुनावण्या, सगळा लवाजमा मागे लागतो. वीस-पंचवीस किलोवॉटच्या छतासाठी एवढा व्याप कोणी करत नाही. त्या वर्षी विधिमंडळाने हाऊस बिल 3310 संमत केले आणि असे करार या व्याख्येतून बाहेर काढले. घरासाठी 25 किलोवॉट, दुकान-शाळा-कार्यालयांसाठी 500 आणि उद्योगासाठी 2,000 किलोवॉट अशी मर्यादा ठेवली. हा बदल कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे. तो का लागला हे समजायला आधी तिथल्या डोंगरांकडे जावे लागते.

वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या 18 लाखांच्या आतबाहेर. कोळशाच्या उत्पादनात वायोमिंगनंतर दुसरा क्रमांक, शिवाय नैसर्गिक वायूचे मोठे साठे. 2021 मध्ये राज्यात तयार झालेल्या विजेपैकी सुमारे 90 टक्के कोळशावरची होती. आणि इथे जमिनीचा सातबारा सरळ नाही, असे आपल्या भाषेत म्हणता येईल: वरची जमीन एकाची, खालचा कोळसा दुसऱ्याचा. खनिजाचे हक्क अनेक पिढ्यांपूर्वी विकले गेले आणि ते मोठ्या प्रमाणात राज्याबाहेरच्या कंपन्यांच्या हाती आहेत. डोंगराचे काय करायचे, हे पायथ्याचे गाव ठरवू शकत नाही.

कोल रिव्हर माउंटनचे प्रकरण यातूनच उभे राहिले. रॅले काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) या डोंगरावर कोळसा कंपनीला शिखर उडवून खाणकाम करायचे होते. परवाने आणि अर्ज मिळून क्षेत्र सुमारे 6,600 एकर. या पद्धतीत आधी झाडे तोडतात, मग खडकात भोके पाडून अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचे मिश्रण भरून सुरुंग लावतात, प्रचंड यंत्रांनी मलबा उचलून शेजारच्या दरीत टाकतात आणि उघडे पडलेले कोळशाचे थर खरवडून नेतात. डोंगराची उंची शेकडो फुटांनी घटते, दरीतला ओढा गाडला जातो.

1998 मध्ये स्थापन झालेल्या 'कोल रिव्हर माउंटन वॉच' या स्थानिक संस्थेने नुसता विरोध न करता पर्याय मांडला, हे त्या काळात नवे होते. संस्थेच्या प्रमुख कार्यकर्त्या ज्युडी बाँड्स खाणकामगाराच्या घरातल्या; 2003 मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला होता. संस्थेने वाऱ्याचा अभ्यास करवून घेतला, तेव्हा डोंगराची धार व्यावसायिक पवनचक्क्यांना साजेशी निघाली. 2008 च्या आर्थिक अहवालात 164 पवनचक्क्या आणि 328 मेगावॉटचा हिशोब मांडला गेला. सगळ्यात बोलका आकडा कराचा होता. पवनऊर्जेतून काउंटीला दरवर्षी सुमारे 17 लाख डॉलर मालमत्ता कर मिळाला असता. त्याच डोंगरावरच्या खाणकामातून काउंटीच्या वाट्याला येणारा कोळसा कर वर्षाला सुमारे 36 हजार डॉलर. आणि खाण साधारण 17 वर्षांत संपणार होती.

दोन्ही एकाच वेळी शक्य नव्हते. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग सेकंदाला 7.5 मीटरवरून 6 मीटरवर आला, तर हाती लागणारी ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. धार शेकडो फूट खाली आणली की हा फरक सहज पडतो. वर भरावाची सैल जमीन, तिच्यात पवनचक्कीचा पाया बसवणे महागडे आणि जोखमीचे. तरीही ऑक्टोबर 2009 मध्ये डोंगरावर सुरुंग सुरू झाले आणि पवनचक्क्या कागदावरच राहिल्या. आर्थिक गणित बरोबर होते, पण ते मांडणाऱ्यांकडे डोंगराचा हक्क नव्हता. माझ्या मते नंतरच्या सगळ्या हालचालींना वळण लावणारा धडा हाच: लोकांच्या मालकीचे काय आहे, तर छत. तिथून सुरुवात करायची.

राज्यात पवनचक्क्या उभ्याच राहिल्या नाहीत असे मात्र नाही. टकर काउंटीत 2002 मध्ये 44 पवनचक्क्यांचा 66 मेगावॉटचा प्रकल्प आला. तिथे वटवाघळे मोठ्या संख्येने मरताना आढळली आणि पर्यावरणवाद्यांमध्येच फूट पडली. 2009 मध्ये ग्रीनब्रायर काउंटीतल्या बीच रिज प्रकल्पावर, धोक्यातल्या 'इंडियाना' वटवाघळांच्या कारणाने, फेडरल न्यायालयाने बंधने घातली. तांत्रिक उपाय साधा निघाला. वटवाघळे मंद वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस रात्री पाती फिरायला लागण्याचा वाऱ्याचा किमान वेग सेकंदाला 3.5 मीटरऐवजी 5 किंवा 6.5 मीटर ठेवायचा. शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगात यामुळे मृत्यू निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले आणि वार्षिक विजेत एक टक्क्याच्या आतबाहेर तूट आली.

कायद्यांची कहाणी तर आणखी मजेदार. 2009 मध्ये राज्याने 2025 पर्यंत 25 टक्के 'पर्यायी व नवीकरणीय' विजेचे उद्दिष्ट ठरवले. पण 'पर्यायी' या शब्दात नैसर्गिक वायू, खाणीचा टाकाऊ कोळसा आणि जुन्या टायरांचे इंधनसुद्धा बसवले होते! वीज कंपन्यांना फारसे काही बदलावे लागले नाही, आणि तेही 2015 च्या सुरुवातीला रद्द झाले. घरगुती सौर यंत्रणेवर कमाल 2,000 डॉलरची राज्याची करसवलत होती, ती 2013 च्या मध्यावर संपली. उरले ते नेट मीटरिंग: पॅनेलमधून ग्रीडला गेलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा करायचे, जसे आपल्याकडच्या छतावरच्या ग्राहकांना ठाऊक आहे.

अशा परिस्थितीत शेफर्ड्सटाउन गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चने 2014 मध्ये 60 पॅनेल, सुमारे 16 किलोवॉट, छतावर बसवली. चर्चची अडचण अशी की 30 टक्क्यांची केंद्रीय सवलत तेव्हा आयकरातून वजा व्हायची, आणि चर्च आयकरच भरत नाही. दुसऱ्याने पॅनेल बसवून वीज विकायची, तर वर सांगितलेली व्याख्या आडवी. डॅन कॉनंट यांच्या 'सोलर हॉलर' या नव्या कंपनीने तिसरीच वाट काढली. गावातल्या सुमारे शंभर घरांनी आणि दुकानांनी आपल्या पाणी तापवायच्या विजेच्या टाक्यांना नियंत्रक बसवून घेतले.

ग्रीडची वारंवारता अमेरिकेत 60 हर्ट्झवर ठेवावी लागते. वीज जास्त झाली की ती वर सरकते, कमी पडली की खाली. हे सांभाळण्यासाठी पूर्व अमेरिकेतली 'पीजेएम' ही ग्रीड चालवणारी संस्था क्षणाक्षणाला जुळवून घेणाऱ्यांना पैसे देते. टाकीतला हीटर साधारण साडेचार किलोवॉटचा. वीज जादा असेल तेव्हा तो चालू करायचा, तुटवडा असेल तेव्हा काही मिनिटे बंद. टाकी उष्णता धरून ठेवते, त्यामुळे अंघोळ करणाऱ्याला काही कळत नाही. अशा शंभर टाक्या एकत्र केल्या की बाजारात विकण्याजोगी सेवा तयार होते. टाकीमागे वर्षाला सुमारे 100 डॉलर मिळायचे. घरांनी ते दान केले आणि त्यातून चर्चच्या पॅनेलचे पैसे फिटले. युक्ती झकास होती, पण प्रत्येक शाळेसाठी शंभर घरे गोळा करणे शक्य नव्हते. कायदाच बदलायला हवा, हे यातून स्पष्ट झाले.

त्या मागणीला बळ मिळाले ते वाढत्या बिलांमुळे. 2008 मध्ये घरगुती वीज युनिटला सुमारे 7 सेंट होती, 2023 मध्ये दर जवळपास दुप्पट होता. जुन्या कोळसा केंद्रांची देखभाल आणि प्रदूषण नियंत्रणाचा खर्च ग्राहकांवर पडत गेला. 2021 मध्ये तर आयोगाने अपालाचियन पॉवर या वीज कंपनीला आपली कोळसा केंद्रे क्षमतेच्या 69 टक्के चालवायला सांगितले, बाजारात स्वस्त वीज असो वा नसो. हवामानबदलाचे नाव काढले की उठून जाणारा माणूस बिलाचे नाव काढले की खुर्ची ओढून बसतो.

कौशल्याचा प्रश्नही स्थानिकांनीच हाताळला. वेन काउंटीत सुरू झालेल्या 'कोलफील्ड डेव्हलपमेंट' या संस्थेचे सूत्र 33-6-3: आठवड्यात 33 तास पगारी काम, 6 तास महाविद्यालय, 3 तास व्यक्तिगत घडण. पॅनेल बसवणारे हात यातूनही तयार झाले.

जमिनीवर मात्र अडचणी खूप. तिथली वस्ती अरुंद दऱ्यांत. सूर्य उशिरा येतो आणि लवकर जातो. मालिकेत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली की सगळ्या मालिकेचे उत्पादन पडते, म्हणून प्रत्येक पॅनेलमागे छोटा इन्व्हर्टर लावावा लागतो आणि खर्च वाढतो. अनेक कुटुंबे कारखान्यात बनलेल्या फिरत्या घरांत राहतात. त्यांचे छत पॅनेलचा भार आणि वाऱ्याची ओढ सोसायला बांधलेलेच नसते. जमिनीवर सांगाडा उभारावा, तर सपाट, उन्हातली जागा हवी. जुन्या खाणींच्या जागा सपाट आणि मोकळ्या असतात, पण भराव वर्षानुवर्षे खचत राहतो आणि त्यातल्या मोठ्या दगडांमुळे लोखंडी खुंट ठोकता येत नाहीत. औष्णिक केंद्रांच्या राखेच्या ढिगावर तर वरच्या आवरणाला भोक पाडणेच वर्ज्य. मग काँक्रीटच्या वजनावर सांगाडे टेकवतात. 2020 च्या एका कायद्याने वीज कंपन्यांना 200 मेगावॉटपर्यंत सौर प्रकल्पांची मुभा दिली. त्यातूनच फोर्ट मार्टिन औष्णिक केंद्राच्या जागेवर 18.9 मेगावॉटचा प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. ती वीज हवी असेल त्या ग्राहकाला युनिटमागे 4 सेंट जास्त मोजावे लागतात.

2022 च्या केंद्रीय कायद्याने चर्च आणि शाळांना करसवलतीची रक्कम थेट मिळू लागली, म्हणजे शेफर्ड्सटाउनची कसरत निकालात निघाली. पण लगेच नेट मीटरिंगवर घाव आला. मॉन पॉवर आणि पोटोमॅक एडिसन या कंपन्यांच्या दरप्रकरणात 2024 मध्ये तडजोड झाली. 1 जानेवारी 2025 पूर्वी अर्ज केलेल्यांना जुना पूर्ण दर 25 वर्षे मिळणार. नंतरच्यांना ग्रीडला दिलेल्या युनिटचे सुमारे 6.6 सेंट. घरमालकाच्या स्वतःच्या यंत्रणेवरची 30 टक्के केंद्रीय सवलतही 2025 च्या अखेरीस संपली. नव्या ग्राहकाने आता वर्षाच्या एकूण वापराएवढी पॅनेल बसवली, तर दुपारी बाहेर गेलेले युनिट जवळपास निम्म्या किमतीला विकून संध्याकाळी ते पूर्ण दराने परत घ्यावे लागते. त्यामुळे यंत्रणा लहान ठेवायची, पाण्याची टाकी आणि मोटारीचे चार्जिंग दुपारी लावायचे, आणि बॅटरी परवडते का ते या दोन दरांतल्या फरकावरून काढायचे.