दोन डॉक्टरांचे गुण जुळले, पण रुग्ण तोच होता का?

स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तीची न्यूरॉलॉजिकल तपासणी, म्हणजे हालचाल, समन्वय यांतल्या बारीक दोषांच्या खुणा शोधणं, कितपत भरवशाची, असं विचारलं की सादरीकरणात हमखास एकच आकडा येतो: दोन तपासणाऱ्यांचं किती जुळलं. आकडा चांगला असला की 'रिलायबिलिटी उत्तम', आणि पुढची स्लाइड. दोघांचं एकमेकांशी जुळणं आणि त्याच रुग्णात पुन्हा तेच सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे किती वेळा सांगायचं?

पहिली सगळ्यांना माहीत आहे. बुकॅनन आणि हाइनरिक्स यांच्या १९८९च्या न्यूरॉलॉजिकल इव्हॅल्युएशन स्केल या अशा खुणांना गुण देणाऱ्या मोजपट्टीत २६ बाबी आहेत, बहुतेकींना ०, १ किंवा २ गुण (० म्हणजे दोष नाही, २ म्हणजे ठळक दोष). सराव झालेल्या दोघांचे गुण बऱ्यापैकी जुळतात. फक्त नुसती टक्केवारी देऊ नका. शंभरात पाचांनाच असलेली खूण दोघांनी न तपासता 'नाही' लिहिली, तरी शंभर टक्के जुळते! योगायोगाने जुळण्याचा वाटा वजा करणारा 'कप्पा' (kappa) हा आकडा द्या.

खरी गोची पुढे आहे. बहुतेकदा एक डॉक्टर तपासतो आणि दुसरा शेजारी बसून गुण टाकतो. रुग्ण तोच, क्षण तोच, सूचनाही त्याच. म्हणजे मोजलं गेलं ते एवढंच, की एकाच कृतीला दोघांनी सारखे गुण दिले. समजा, मूठ, हाताची कड, सपाट तळवा हा क्रम करताना रुग्ण तिसऱ्या फेरीला अडखळला. क्रमच जमत नाही? काल डोस वाढवल्यामुळे झापड आहे? आवाज ऐकू येताहेत? की सूचना भरभर सांगितली? दोघांनीही २ लिहिले. एकमत पूर्ण, कारण मात्र कुणालाच ठाऊक नाही.

तीन आठवड्यांनी त्याच रुग्णाला ० मिळाले, की लोक दुसऱ्या टोकाला जातात: 'चाचणीच कुचकामी'. तसंही नाही. आजार ओसरताना या खुणा, विशेषतः हालचालींशी निगडित, बऱ्याच रुग्णांत कमी होतात. तिथे आकडा बदलला म्हणजे चाचणीने आपलं काम केलं. सातत्य तपासायचं तर लक्षणं स्थिर हवीत, औषधं तीच हवीत, दोन तपासण्यांतलं अंतर थोडं हवं आणि दुसऱ्या डॉक्टरने सूचना स्वतः द्यायला हव्यात. शोधनिबंधात मी आधी हेच शोधतो. लिहिलेलं नसेल तर कप्पा कितीही देखणा असो, मी तो बाजूला ठेवतो.

हेलोपेरिडॉलसारख्या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाने आलेला ताठरपणा तपासणीच्याच दिवशी सिम्पसन-अँगस स्केल या त्यासाठीच्या मोजपट्टीवर वेगळा मोजावा. पण सगळं खापर औषधांवरही फोडू नका. एकही गोळी न घेतलेल्या, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांतही या खुणा सापडतात.