फेझर काही गोल फिरवत नाही, दोन भोकं सरकवतो

परवा धरमपेठेत भाच्याच्या बँडची प्रॅक्टिस ऐकायला गेलो होतो, एका पोराने पायाखालचा केशरी डबा, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा फेझर, दाबला आणि गिटार एकदम पाण्यात बुडी मारून वर आल्यासारखी वाजायला लागली. बाजूचा पोरगा मला समजावतो, "काका, हे आवाज गोल फिरवते नं." तिथे गप्प बसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना.

गैरसमज साहजिक आहे म्हणा. ऑर्गनसाठी लेस्ली नावाचा स्पीकर असायचा, त्यात भोंगा खरोखरच फिरायचा. त्याची नक्कल करायला म्हणून १९६० च्या दशकाच्या शेवटी जपानच्या शिन-एई कंपनीचा युनिव्हाइब नावाचा डबा वापरायला लागले, १९६९ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी तोच होता. त्याच्या आत फिरणारं काही नाही, एक लुकलुकणारा बल्ब आणि त्याच्याभोवती प्रकाश पडला की रेझिस्टन्स कमी होणारे चार एलडीआर, बस. त्या पोराचा केशरी डबा म्हणजे एमएक्सआर कंपनीचा फेझ ९० हा फेझर, १९७४ चा, आणि त्याला नॉब फक्त एक.

आता आत काय होतं ते. शाळेत शिकलोय की एका लाटेचा चढ दुसरीच्या उतारावर बरोब्बर बसला की दोघी एकमेकींना खातात. पूर्ण लाट म्हणजे ३६० अंश, त्यामुळे १८० अंश मागे पडलेली लाट मूळ लाटेत मिसळली की सूर गायब. फेझरमध्ये गिटारचा आवाज दोन वाटांनी जातो, एक सरळ, दुसरी चार सारख्या टप्प्यांमधून, आणि शेवटी दोन्ही एकत्र. हे टप्पे मोठे गमतीचे आहेत, कारण ते कुठलाही सूर लहान-मोठा करत नाहीत, सगळ्यांना तेवढ्याच जोराने पुढे सोडतात, फक्त उशीर करतात आणि तोही प्रत्येक सुराला वेगळा. सोयीसाठी धरा की खर्जाला शून्य अंश, एकदम बारीक सुरांना जवळपास १८०, आणि मधल्या एका फ्रिक्वेन्सीला बरोबर ९०. ही मधली फ्रिक्वेन्सी ५०० हर्ट्झ धरू.

मग जिथे एका टप्प्याला ४५ अंश पडतात तिथे चार टप्प्यांचे झाले १८०, म्हणजे सूर मेला, आवाजात तिथे भोक पडलं. हे होतं ५०० च्या ०.४१४ पट, साधारण २०७ हर्ट्झला. ५०० ला प्रत्येकी ९०, चारांचे ३६०, म्हणजे लाट पूर्ण फिरून परत जागेवर, तिथे उलट आवाज वाढतो. आणि जिथे प्रत्येकी १३५ तिथे एकूण ५४०, म्हणजे ३६० अधिक १८०, पुन्हा मेला, हे २.४१४ पटीला, १२०७ हर्ट्झला. (०.४१४ म्हणजे वर्गमूळ दोन वजा एक आणि २.४१४ म्हणजे वर्गमूळ दोन अधिक एक, हे पहिल्यांदा कागदावर निघालं तेव्हा मी रात्री दीडला बायकोला उठवलं होतं. तिने कूस बदलली.) तर चार टप्पे, दोन भोकं. आता एक हळू झोके देणारं सर्किट ती मधली फ्रिक्वेन्सी ५०० वरून १००० वर नेतं आणि परत आणतं, भोकंही ४१४ आणि २४१४ ला जाऊन येतात, कानाला हीच सरक ऐकू येते. तो एकुलता नॉब या झोक्याचा वेग ठरवतो. नुसती शिट्टी फेझरमधून काढली तर ती फक्त कमी-जास्त होईल, भोकं सरकलेली कळायला भरगच्च आवाज लागतो, म्हणून डिस्टॉर्शनवर, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाडलेल्या आवाजावर, फेझर जास्त खुलतो.

फ्लँजर नावाचा असाच दुसरा डबा असतो, तो वेगळा बरं का. तो अख्ख्या आवाजालाच एकसारखा उशीर करतो, १ मिलिसेकंद केला तर भोकं ५००, १५००, २५०० अशी सारख्या अंतरावर, कंगव्यासारखी. वर्धा रोडला विमान डोक्यावरून उतरताना भिंतीजवळ उभे राहा, थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज मिळून जी सूंऽऽ सरकते तो फुकटचा फ्लँजर.

जुन्या लोगोच्या फेझ ९० मागे लोक वेडे असतात, म्हणे त्यात आत्मा आहे. राजेहो, नंतरच्या डब्यात एक फीडबॅकचा, म्हणजे बाहेर आलेला आवाज थोडा परत आत सोडणारा, रेझिस्टर जास्तीचा टाकलाय, आर-२८, तो कापला की बराचसा आत्मा परत येतो. बाकीचा दाराला टांगलेल्या काळ्या बाहुलीच्या जातीचा.

खरी कटकट चार टप्प्यांतल्या चार जेफेटची, म्हणजे एका जातीच्या ट्रान्झिस्टरची. हे इथे व्होल्टेजवर बदलणाऱ्या रेझिस्टरचं काम करतात आणि एकाच पाकिटातले दोन जेफेट सारखे निघतील याची गॅरंटी नाही. स्वतः फेझर जोडायला मी बर्डीवरून बारा आणले, ९ व्होल्टची बॅटरी, मल्टीमीटर, आणि मे महिना. चिमटीत धरला की बोटाच्या उबेने आकडा सरकतो, कूलरच्या झोतात एक रीडिंग, कूलर बंद केला की दुसरं. शेवटी कूलर बंद करून घाम पुसत अर्धा तास खोली एकसारखी तापू दिली आणि मग मोजले. बारातून तीन जुळले. चौथा थोडा लांबचाच घेतला. भोकं तरीही पूर्ण खोल पडतात, कारण टप्पा बिघडला तरी आवाजाचा जोर बदलत नाही, फक्त हा चौथा गडी झोक्याच्या एका टोकाला झोपून राहतो आणि तेवढा वेळ तिघंच पळतात. भाच्याला ऐकवलं तर म्हणतो, मामा, हा तर लंगडते.