आमच्यानंतर कोण? मुंबईतल्या बौद्धिक अक्षमतेच्या काळजीमागचा इतिहास

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांची काळजी ‘संस्थेकडून समाजाकडे’ न्यायला हवी, असं परिसंवादांत मांडलं जातं. मुंबईतल्या बहुतेक पालकांना ते आपल्याबद्दल वाटत नाही. त्यांचं मूल संस्थेत कधी नव्हतंच. ते चाळीतल्या एका खोलीत, आईच्या नजरेसमोर वाढलं. हा विचार मुळात जिथे मांडला गेला, तिथली परिस्थिती निराळी होती.

इंग्लंड-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा मुलांना लहानपणीच मोठाल्या संस्थांत पाठवत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस एका रुग्णालयातली सोळा मुलं ब्रूकलँड्स नावाच्या घरात आणली. त्यांच्याशी मिळतीजुळती दुसरी सोळा मुलं रुग्णालयातच राहिली. घरात लहान गट होते, रोजची ओळखीची माणसं होती, भरपूर खेळ होता. दोन वर्षांत घरातली मुलं बोलण्या-समजण्यात रुग्णालयातल्या मुलांच्या बरीच पुढे गेली. मुलाची म्हणून जी मर्यादा समजली जात होती, तिचा मोठा भाग त्या वॉर्डातून आलेला होता. माझ्या मते या क्षेत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, डेन्मार्कने कायदा करून या माणसांचं आयुष्य शक्य तितकं इतरांसारखं असावं हे तत्त्व स्वीकारलं. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेतली भीषण दृश्यं टीव्हीवर दिसली आणि अमेरिका हादरली. ती संस्था १९८७ मध्ये बंद झाली.

आपल्याकडे एवढ्या संस्था उभ्याच राहिल्या नाहीत. १९१२च्या ‘ल्युनसी’ म्हणजे वेडेपणाच्या कायद्यात मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षमता असलेले एकाच व्याख्येत कोंबले होते. वेगळी सोय नव्हती. मुंबईत १९३७ मध्ये, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं; ते देशातलं पहिलं मानलं जातं. मग १९४१ मध्ये मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीचं निवासी गृह आलं. १९४४ मध्ये वकील या पारशी दांपत्याने डाउन सिंड्रोम (गुणसूत्रातल्या जन्मजात फरकामुळे येणारी अक्षमता) असलेल्या आपल्या मुलीसाठी शाळा काढली; तीच आजची शिवडीची जय वकील शाळा. पुढच्या काळात शहराने मानखुर्दपेक्षा शिवडीचा रस्ता धरला. मूल सकाळी शाळेत, संध्याकाळी घरी. विशेष शाळा वाढल्या आणि अभ्यासही शाळेभोवतीच फिरले: बुद्ध्यंक किती, काय शिकवता येतं, शिक्षिका कशा घडवायच्या. घरी सांभाळणाऱ्या बाईच्या पाठीचं, झोपेचं, सुटलेल्या नोकरीचं काय झालं, हे त्या मानाने फार थोड्यांनी विचारलं.

वस्तीपर्यंत पोचण्याचा विचार १९७०च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘समुदायाधारित पुनर्वसना’तून आला. तज्ज्ञ मोजके असतील, तर घरच्यांना आणि वस्तीतल्या कार्यकर्तीला शिकवा, ही त्याची मूळ कल्पना. १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्या मिथू अलूर यांनी नंतर आपल्या संशोधनात दाखवलं, की सर्व बालकांसाठी म्हणून १९७५ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेतून अपंग मुलं प्रत्यक्षात बाहेरच राहिली होती. पुढे त्यांच्या संस्थेने धारावीत लहानग्यांना इतर मुलांबरोबर बसवून शिकवण्याचं काम केलं. संस्थेचा मुख्य भर सेरेब्रल पाल्सीवर, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्यावर होता, तरी धडा बौद्धिक अक्षमतेलाही लागू पडतो: वस्तीत राहणारं मूल वस्तीच्या योजनेत असेलच असं नाही.

महाराष्ट्रातल्या निवासी संस्थांचा इतिहास वेदनादायक आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी गृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या वेळची स्वच्छता हे कारण दिलं गेलं. स्त्री-संघटनांनी कडाडून विरोध केला. २०१० मध्ये शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या वसतिगृहातल्या कुपोषणाच्या आणि मृत्यूंच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जिथे नातेवाईक फिरकत नाहीत, शेजार नाही, तिथे काय होतं हे कळायला आणखी कोणता पुरावा हवा?

कायदे दरम्यान पुढे सरकले. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अक्षमता मनोविकारापासून वेगळी काढली. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याची वाट दिली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्कच देतं. पण न्यासाचा पालकत्वाचा कागद हाती आला, म्हणून सकाळी अंघोळ घालायला माणूस मिळत नाही.

अठरानंतर विशेष शाळा साधारणपणे संपते. कार्यशाळेत जागा मिळाली तर मेणबत्त्या, कागदी पिशव्या, खाद्यपदार्थ. नाही मिळाली तर घर. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख व्यक्तींची बौद्धिक अक्षमतेच्या गटात नोंद झाली, आणि मोठ्या वयाचे त्यात कमी नाहीत. १९९०च्या दशकात पालकांनीच एकत्र येऊन बदलापूरजवळ मूळगावला ‘आधार’ उभं केलं, ते या प्रौढांसाठी. मुंबईतल्या जागांचे भाव बघता शहराच्या आत असं काही उभं करणं अवघड. म्हणजे ज्या गल्लीत दूधवाला, भाजीवाली, देवळाचे पुजारी त्याला नावाने ओळखतात, ती गल्ली सोडून जायचं. पाश्चात्त्य अभ्यासांच्या मोजपट्टीत हे नुकसान नीट पकडलं जात नाही. ते मोजणारं संशोधन इथेच, मराठीत प्रश्न विचारून व्हायला हवं.

आणि ते तातडीने व्हायला हवं, कारण आयुर्मान बदललं आहे. अमेरिकेतली आकडेवारी सांगते, की १९८३ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य सुमारे २५ वर्षं होतं; आज ते ६०च्या आसपास आहे. हृदयावरच्या शस्त्रक्रिया आणि बरे उपचार यांची ती कमाई. पूर्वी पुष्कळ आईवडिलांच्या डोळ्यांदेखत मूल जाई, आता मूल मागे राहतं. डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा आजारही लवकर, पुष्कळदा पन्नाशीतच गाठतो. ऐंशीच्या आईने पन्नाशीतल्या मुलाचा स्मृतिभ्रंश कसा सांभाळायचा? विशेष शाळेचं वय त्याने कधीच ओलांडलेलं असतं, आणि वृद्धाश्रमाच्या लेखी तो अजून म्हातारा झालेला नसतो.