तरुण घोड्याची बाहेरगावची पहिली स्पर्धा

घरच्या रिंगणात साध्या इशाऱ्यावर चालणारा तरुण घोडा पहिल्या स्पर्धेच्या मैदानावर उतरला की ओळखू येत नाही. मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, सारखं खिंकाळणं आणि लगामाकडे साफ दुर्लक्ष. बघणारे म्हणतात, घोडा माजलाय. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो, कारण घोडा त्या वेळी घाबरलेला असतो.

घोडा जे शिकतो ते जागेसकट शिकतो. घरच्या कुंपणापाशी शिकलेलं ‘थांब’ परक्या मैदानावर त्याला आपोआप लागू पडत नाही; ते तिथे पुन्हा शिकवावं लागतं. त्यात डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला एका वेळी जवळजवळ 350 अंशांचा परिसर दिसतो. माणसाला 20 किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही, घोड्याला सुमारे 33 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. फडफडणारे झेंडे, भोंगे, अनोळखी घोडे हे सगळं एकदम अंगावर येतं आणि ओळखीचा कळप मागे राहिलेला असतो. पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्याने अशा वेळी बुजणं स्वाभाविक आहे.

म्हणून तयारी करायची ती परकेपणाची, आणि थोड्या थोड्या मात्रेत. झेंड्याची सवय लावायची तर तो आधी लांब उभा करावा. घोड्याचे कान त्याच्यावर रोखलेले असेपर्यंत जवळ जाऊ नये. कान सैल पडले, मान खाली आली, तो गवत हुंगू लागला, की मग चार पावलं पुढे. घाई करून जबरदस्तीने जवळ नेलं तर झेंड्याची भीती पक्की होते.

सोबतीला अनुभवी घोडा न्यावा. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं की शांत जोडीदारासोबत भीतिदायक वस्तू पाहिलेले घोडे कमी बुजतात, आणि पुढे एकटे असतानाही तो फरक टिकतो. माणसाची धास्तीही लपत नाही. 2009 च्या स्वीडिश प्रयोगात घोडा नेणाऱ्यांना सांगितलं होतं की वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांच्या आणि घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले. लगाम धरणाऱ्याने आधी स्वतःचा श्वास संथ करावा.

घोडा वाहून नेणाऱ्या ट्रेलरचा सराव कितीतरी आधी सुरू करायला हवा. घोड्याचे डोळे अंधाराला सावकाश सरावतात, त्यामुळे आतला काळोख त्याला खड्ड्यासारखा वाटतो; आत दिवा लावला की बराच फरक पडतो. काही दिवस आतच चारा द्यावा, मग छोट्या फेऱ्या. प्रवासात डोकं उंच बांधून ठेवू नये. मान खाली घालता आली नाही तर श्वासनलिकेतला कफ बाहेर पडत नाही आणि फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. लांबच्या प्रवासात मध्ये थांबून त्याला मान खाली घालू द्यावी. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवतं, म्हणून चारा जवळ असावा. परक्या पाण्याला तोंड लावत नसेल तर घरचं पाणी सोबत न्यावं.

जमलं तर पहिली खेप स्पर्धेत न उतरताच करावी. मैदानावर नुसतं हिंडवावं, चरू द्यावं, मानेच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यावर खाजवावं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्याने ठोके मंदावतात, हे 1993 च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. तो शांत उभा राहू लागला की ट्रेलरमध्ये चढवून घरी आणावं.