टाचणीखालची चिठ्ठी

निसर्गेतिहास संग्रहालयात आपल्याला दिसतात डायनासोरचे सांगाडे आणि पेंढा भरलेले प्राणी. खरा ठेवा मात्र आतल्या कपाटांत असतो: टाचणीला टोचलेले कीटक, कागदावर चिकटवलेल्या वाळक्या वनस्पती, बरण्यांतले बेडूक. एकट्या लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये असे सुमारे ८ कोटी नमुने आहेत. २८ देशांतल्या ७३ मोठ्या संग्रहालयांची एकत्र मोजदाद २०२३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा आकडा ११० कोटींवर गेला. त्यांतल्या जेमतेम १६ टक्के नमुन्यांची नोंद संगणकावर शोधता येते. बाकीच्यांसाठी त्या दारातच जावं लागतं.

डिजिटायझेशन म्हटलं की फोटो डोळ्यांसमोर येतो, पण ते त्यातलं सोपं काम. वाळवलेल्या वनस्पतींचे कागद सपाट असतात. पॅरिसच्या संग्रहालयाने सरकत्या पट्ट्यावर ठेवून असे लाखो कागद टिपले. कीटकांचं तसं नाही. कुठे आणि कधी सापडला ही माहिती त्याच टाचणीवर, कीटकाच्या पोटाखाली, बोटाच्या पेराएवढ्या चिठ्ठीवर लिहिलेली असते. ती वाचायची तर ठिसूळ पाय न मोडता हलकेच काढायची. मग शंभर वर्षांपूर्वीचं गिचमिड अक्षर लावायचं, आणि ‘नदीकाठी, गावाच्या उत्तरेस’ एवढ्यावरून अक्षांश-रेखांश ठरवायचे, किती किलोमीटरची चूक संभवते तेही नोंदवून. हल्ली अक्षर वाचायला संगणक मदत करतो, तरी नाव बदललेल्या गावापाशी माणूसच लागतो.

एवढा खटाटोप चिठ्ठीसाठी का? ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची अंडी घरट्यातच फुटू लागली, तेव्हा पक्ष्यांचे अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतली जुनी कवचं तपासली. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून कवच एकाएकी पातळ झालं होतं, म्हणजे डीडीटी या कीटकनाशकाचा वापर सुरू झाला त्याच सुमारास. हा शोध १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्या अंड्यांवर तारखा नसत्या तर ती नुसती शोभेची अंडी ठरली असती.

नमुन्याच्या आतही आता डोकावता येतं. ‘ओव्हर्ट’ या अमेरिकी प्रकल्पात १३ हजारांहून अधिक पृष्ठवंशी प्राण्यांचे सीटी स्कॅन झाले. बेडकाने शेवटचं काय खाल्लं ते पोट न फाडता कळतं, आणि ही चित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. तरी स्कॅनमधून डीएनए काढता येत नाही. २०१८ साली रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, तेव्हा नष्ट झालेल्यांपैकी ज्या वस्तूंचे स्कॅन आधी झाले होते, त्यांचा फक्त आकार हाती राहिला.

सगळंच खुलं करावं असंही नाही. दुर्मीळ ऑर्किडचा नेमका पत्ता जाहीर झाला तर अभ्यासकाआधी तस्कर तिथे पोचतो. म्हणून अशा नोंदींत ठिकाण मुद्दाम ढोबळ ठेवतात. नेमकं हवं असेल तर संशोधकाने कारण सांगून संग्रहालयाकडे मागायचं.