'नवरंग'च्या आधीचा काळोख

व्ही. शांताराम यांचा 'नवरंग' (१९५९) कथेने सुरू होत नाही. दिग्दर्शक स्वतः पडद्यावर येतात आणि सांगतात, की आधीच्या चित्रपटात बैलाशी झुंजताना डोळ्याला इजा झाली, काही काळ दिसेनासं झालं आणि त्या काळोखातच रंग दिसू लागले. हे निवेदन इतकं परिणामकारक आहे, की 'नवरंग'ची जन्मकथा बहुधा तिथूनच सांगितली जाते. खरं तर ती निदान पंचवीस वर्षं मागून सुरू करायला हवी.

१९३३ साली प्रभात फिल्म कंपनीने 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करायचा घाट घातला. शांतारामबापू त्यासाठी जर्मनीला गेले, प्रती तिथेच निघाल्या, पण रंग फसले. त्या काळच्या दुरंगी पद्धतीत कॅमेऱ्यात दोन निगेटिव्ह एकमेकींना चिकटून धावत. पुढची निळा-हिरवा प्रकाश टिपायची, मागची तांबडा. मागच्या पट्टीपर्यंत प्रकाश पहिलीतून गाळून पोचायचा, त्यामुळे तांबड्याचं चित्र किंचित पुसट यायचं आणि दिवे भरमसाट लावावे लागायचे. शिवाय दोनच रंगांतून सगळं जुळवायचं, म्हणजे जांभळा, पिवळा आणि अस्सल हिरवा यांच्यावर पाणीच सोडायचं. पौराणिक चित्रपटातले शालू-शेले अशा पद्धतीने कसे उठणार? त्यानंतरचे 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे सगळे कृष्णधवलच आहेत. १९४२ मध्ये प्रभात सोडून त्यांनी परळला स्वतःचा राजकमल स्टुडिओ उभारला. मनासारखा रंग हाती लागला तो थेट १९५५ मध्ये, 'झनक झनक पायल बाजे'च्या टेक्निकलर या रंगपद्धतीत.

एवढं यश मिळाल्यावर कुणीही पुढचा चित्रपट रंगीतच काढला असता. शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) कृष्णधवल काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिची मुळं औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला १९३९ मध्ये सुरू झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगात. उजाड माळ, ढेकळं, सहा कैदी आणि एक जेलर. इथे रंगाला कामच नव्हतं.

जेलर आदिनाथ त्यांनी स्वतःच रंगवला आणि शेवटची बैलाशी झुंजही स्वतःच दिली. तेव्हा वय पंचावन्नच्या आसपास. अशा दृश्यातली अडचण चित्रीकरण करणाऱ्यांना नेमकी ठाऊक असते. बैल तालमीत जे करतो ते टेकच्या वेळी करेलच असं नाही. दिवे, गलका आणि समोरचा माणूस यांनी तो बिथरतो. लांबून घेतलं तर बदली माणूस खपून जातो, पण चेहरा आणि शिंगं एकाच चौकटीत हवी असतील तर नटाला जवळ जावंच लागतं. त्यातच नट हाच दिग्दर्शक असला, की 'कट' म्हणणारा माणूसही शिंगांच्या पल्ल्यात असतो. दुखापत झाली ती या झुंजीत.

डोळ्याच्या गंभीर इजेवर त्या काळचा प्रचलित उपचार म्हणजे पट्टी आणि सक्तीची विश्रांती. एकच डोळा दुखावला असला तरी पुष्कळदा दोन्ही बांधत, कारण दोन्ही डोळे बरोबरच हलतात. चांगला उघडा ठेवला तर तो फिरेल तसा जखमी डोळाही फिरत राहतो. म्हणजे बरं होण्यासाठीच संपूर्ण अंधारात राहायचं. ज्याचा सगळा व्यवसायच भिंगामागून बघण्याचा, त्याला ही सजा काय वाटली असेल!

दृष्टी वाचली. १९५८ मध्ये 'दो आँखें'ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी 'नवरंग' आला. त्याचा नायक, कवी दिवाकर, डोळ्यांसमोरच्या बायकोतच मनातली मोहिनी पाहतो. पट्टीआडच्या दिवसांशी याचं नातं उघड आहे. तरीही मनात दिसलेले रंग आपसूक फिल्मवर उतरत नाहीत. कपडा, रंगवलेला पडदा आणि प्रकाश यांचा मेळ बसवावा लागतो. भडक लाल सावलीत गेला की काळपट येतो, पिवळ्यावर जास्त प्रकाश पडला की तो पांढुरका होतो. 'सैरंध्री'पासूनचा अनुभव इथे कामी आला असणार.

'अरे जा रे हट नटखट' हे गाणं यासाठी पुन्हा बघावं. नायिका संध्या एकट्याच स्त्री आणि पुरुष दोन्ही होतात. डोक्याच्या मागच्या बाजूला पुरुषाचा मुखवटा. गिरकी घेतली की पात्र बदललं. यात कॅमेऱ्याची करामत जवळजवळ नाहीच, सगळा भार शरीरावर. पाठ हीच छाती भासवायची, तर हात मागे उलटे वळवून अभिनय करावा लागतो, आणि कोपराचा किंवा टाचेचा रोख जरा चुकला की भ्रम फुटतो. काहींना 'नवरंग'चे रंग अंगावर येतात, आणि ती तक्रार खोटीही नाही. मात्र या गाण्यात तो भडकपणा दोन पात्रं क्षणात वेगळी ओळखू येण्यासाठीच वापरला आहे.

पुढे 'स्त्री' (१९६१), 'गीत गाया पत्थरों ने' (१९६४) आणि मराठीत 'पिंजरा' (१९७२). 'पिंजरा'च्या वेळी बापू सत्तरीत होते. त्यात मास्तरांच्या पांढऱ्या कपड्यांभोवती तमाशाचे रंग हळूहळू दाटत जातात. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यानंतरही, १९८७ मध्ये, 'झंझार' आला. बैलाच्या त्या झुंजीला तेव्हा तीस वर्षं झाली होती.